मागची

१

मुलगी बोलत नाही म्हणून तिला झोप लागत नाही, असं कोणी म्हटलं असतं तर तिने ते वाक्य दुरुस्त केलं असतं. मुलगी बोलत नाही ही काळजी आता जुनी झाली होती. तिला उशाशी घेऊन झोपायची सवय लागली होती. जागं ठेवत होती ती नवीच. कुठल्याशा लेखात तिने वाचलं होतं की ज्या घरात आई अखंड बोलत असते, त्या घरात मुलाला बोलायला फटच मिळत नाही. तेव्हापासून ती छताकडे बघत पडून राही. आपण चहा उकळताना चहाशी बोलतो. चष्मा सापडला नाही की चष्म्याला बोलतो. लेकीच्या वाटचे शब्दही आपणच वापरून टाकले की काय?

लेक चार वर्षांची व्हायला आली होती. कान खणखणीत होते, डॉक्टरांनी दोनदा तपासले होते. समजत सगळं होतं. हसायचीसुद्धा, पण आवाज न करता, नुसते खांदे हलवून. बापाने लाडाने तिला गोगलगाय म्हणायला सुरुवात केली आणि तिची गोगी झाली. बाप लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत होता. दिवसभर वरखाली करून घरी आला की बायकोला समजवायचा, "बोलेल गं. लिफ्टचं बटण सारखं दाबलं म्हणून ती लवकर येते का?"

खालच्या मजल्यावर सासूबाई राहायच्या. त्यांचा धीर द्यायचा प्रकार वेगळा होता. "हिच्या बापाने तरी काय केलं? शाळेत जाईपर्यंत नुसतं बोट दाखवलं. आता बघ, गप्प बस म्हणावं लागतं."

धीर सगळेच देत होते, आणि ती मनापासून त्यांचे उपकार मानायची. गोगीसाठी कोणी काडीभर काही केलं की तिच्या तोंडून हटकून एक वाक्य निघे : "तुमचीच मुलगी आहे." बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी हाताला धरून रंग दाखवले, "तुमचीच मुलगी आहे." कोपऱ्यावरच्या दुकानदाराने बिस्किट दिलं, "तुमचीच आहे हो." एकदा सासूबाई म्हणाल्या, "सगळ्यांना वाटून टाकलीस की पोरगी. आम्हाला उरू दे थोडी."

सुट्टी संपली की शाळेच्या मुख्याध्यापिका प्रत्येक नव्या मुलाशी बोलणार होत्या. "काही अवघड नाही," ऑफिसातल्या बाई फोनवर म्हणाल्या होत्या, "दोन शब्द बोलली तरी पुरे."

तेच दोन शब्द घरात नव्हते.

२

ती जुन्या फोटोंची डागडुजी करायची. आधी संग्रहालयात नोकरी होती. गोगी झाल्यावर तिथलंच काम घरी आणू लागली. हॉलला लागून असलेली गॅलरी काचा लावून बंद केली होती. तिथे एक लांब टेबल, दोन दिवे, वरून खाली टेबलाकडे बघणारा कॅमेरा. टेबलावर मोठं पांढरं कापड अंथरलेलं असे, धूळ दिसावी म्हणून. ते चारी बाजूंनी जमिनीपर्यंत लोंबायचं, आणि त्याच्या आत, टेबलाखाली, गोगीचं घर होतं. आई वर काम करी, लेक खाली. दिवसचे दिवस असेच जायचे.

त्या आठवड्यात संग्रहालयाच्या मॅडमनी एक अल्बम पाठवला. परक्यांच्या राजवटीतल्या एका जहाज कंपनीचा. कंपनी केव्हाच बुडाली होती. जहाजं मात्र बहुतेक तरली असावीत. काळं कातडी पुठ्ठ्याचं कव्हर, त्यावर उठावाचा नांगर, बाजूला पितळी कडी. उघडल्यावर जुन्या कागदाचा वास येईल अशी तिची अपेक्षा होती. आला तो ओल्या कापडाचा, नीट न वाळता घडी घातलेल्या.

सुरुवातीची पानं नेहमीचीच होती. धक्क्याला लागलेली जहाजं, टोप्या घातलेले साहेब, पेट्यांचे ढीग, आणि कडेला अर्धवट कापली गेलेली कामगार माणसं. मग लहान मुलं सुरू झाली.

प्रत्येक पानावर एक मूल. साहेबांची मुलं असावीत. इस्त्रीचे कपडे, चापून बसवलेले केस. प्रत्येकाला खुर्चीत बसवलेलं, आणि खुर्चीवर मागून पुढे एक जाड कापड टाकलेलं. कापडाला मुलाच्या पाठीमागे उंचवटा. डोकं असावं तेवढ्या उंचीवर गोल, मग खाली उतरत गेलेला. आणि मुलाच्या डाव्या कमरेशी, कापडाच्या घडीतून बाहेर आलेला एक हात.

तिने हातमोजा काढून मॅडमना फोन लावला.

"अगं, तेव्हा फोटोला वेळ लागायचा," मॅडम म्हणाल्या. "मूल हललं की फोटो वाया. मग कुणीतरी कापडाखाली बसून त्याला धरायचं. आई, नाहीतर सांभाळणारी. तू शिकलीस ना हे?"

"शिकलेय. पण हात एकच आहे."

"दुसरा आत असेल."

"तसं नाही. सगळ्या फोटोंत तोच हात आहे."

करंगळी वाकडी होती. मधल्या पेरापाशी मोडून तशीच जुळलेली, आतल्या बाजूला आकड्यासारखी वळलेली. भिंगातून स्पष्ट दिसत होती.

"कंपनीची ठरलेली बाई असेल," मॅडम म्हणाल्या. "तू आणि तुझ्या शंका."

हे पटण्यासारखं होतं, म्हणून तिने पटवून घेतलं. पण फोटोंखाली पांढऱ्या शाईने सालं लिहिली होती. पहिल्या सालापासून शेवटच्या सालापर्यंत एक अख्खं आयुष्य मावलं असतं. मुलांच्या कपड्यांची तऱ्हा बदलली होती, खुर्ची बदलली होती. पुढेपुढे तर कॅमेरेही सुधारले असणार, धरून बसायची गरज उरली नसणार. कापड मात्र तसंच होतं. आणि त्या हाताच्या पाठीवर एकही सुरकुती वाढली नव्हती.

सालं कुणीतरी नंतर अंदाजाने लिहिली असतील, असं तिने ठरवलं. सालाशेजारी प्रत्येक पानावर तेच अक्षर, तेच शब्द : निघण्यापूर्वी.

३

फोटोवर साचलेली धूळ काढायला मऊ ब्रश लागतो आणि बोलणं बंद ठेवावं लागतं, कारण श्वासानेही चंदेरी थर हलतो. जुन्या फोटोंत काळ्या भागावर अशी चांदी वर येते. तिरकं पाहिलं की आरशासारखी चमकते. ती श्वास रोखून एका झालरवाल्या मुलीचा गाल पुसत होती. झोप झाली नव्हती, त्यामुळे ब्रश मधूनच सरकत होता.

"हलू नको."

"नाही हलत," ती म्हणाली, आणि पुसत राहिली.

गालावरून ब्रश हनुवटीवर आला, तिथून फ्रिलवर. मग ब्रश तिच्या हातातून पडला.

ती गुडघ्यांवर बसली आणि तिने कापड वर केलं. आत गोगी मांडी घालून बसली होती, हात मांडीवर, पाठ ताठ. अंधारात डोळे तेवढे चकाकत होते.

"काय म्हणालीस, बाळा?"

"हलू नको," गोगी म्हणाली. आवाज जरासा घोगरा होता, पेटीत ठेवून दिलेल्या वस्तूसारखा.

पुढचं तिला नीटसं आठवत नाही. ती रडली हे नक्की, कारण सासूबाई धावत वर आल्या तेव्हा त्यांना वाटलं काहीतरी वाईट झालं. बाप कुठल्यातरी इमारतीच्या लिफ्टच्या खड्ड्यात उतरला होता; फोनवर त्याला काही ऐकू येईना, तो नुसता "कोण? कोण बोललं?" विचारत राहिला.

"पहिला शब्द 'आई' नाही याचं वाईट नाही वाटलं तुला?" संध्याकाळी त्याने विचारलं.

"वाटू दे की. मला आता काहीही चालेल."

"पहिल्याच दिवशी हुकूम सोडला पोरीने," सासूबाई म्हणाल्या. "आईवर गेली."

तिघंही हसली. गोगीही हसली, आणि या खेपेला हसण्याला आवाज होता.

४

त्यानंतर शब्द नळाला पाणी आल्यासारखे आले. आधी थोडे फुर्रफुर्र, मग धार. आणि ते बोबडे नव्हते. इतके दिवस कुठेतरी रचून ठेवले असावेत तशी अख्खी वाक्यं. बोलायला शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या की असं होतं, काही मुलं सगळी तयारी झाल्याशिवाय तोंड उघडत नाहीत. श्रेय घ्यायला त्या तयार नव्हत्या. "मी काही केलं नाही, खरंच. घरीच कुणीतरी छान बोलत बसतं वाटतं तिच्याशी."

ती लाजली. त्या लेखाच्या लेखकाला मनातल्या मनात चार शब्द सुनावले.

सासूबाईंनी शिकवणी सुरू केली. त्यांना व्याकरणाशी घेणं नव्हतं, वळणाशी होतं. गोगी त्यांच्या घरून निघताना म्हणाली, "आजी, जाते."

"जाते नाही म्हणायचं, सोने. येते म्हणायचं."

"पण मी जातेय."

"जाताना येते म्हणायचं. म्हणजे माणूस परत येतो."

गोगीने दारात थांबून हे पारखून घेतलं. "येते," ती म्हणाली.

व्याकरण आईच्या वाट्याला आलं. दुपारी टेबलाखालून कुजबुज यायची. तिने विचारलं, "काय चाललंय गं?"

"आम्ही खेळतोय."

"आम्ही नाही म्हणायचं. एकटी असलीस की 'मी'. तू आणि मी दोघी असलो, की 'आपण'. आणि 'आम्ही' म्हणजे, ज्याच्याशी बोलतोय त्याला सोडून बाकीचे. कळलं?"

"हो."

"मग काय चाललंय?"

"आम्ही खेळतोय."

तिला हसू आलं. शिकवायला हात धुऊन मागे लागलं की मुलं अशीच खोडी काढतात. "आम्ही म्हणजे कोण कोण?"

"मी आणि मागची."

"मागची कोण?"

गोगीने कापडातून डोकं बाहेर काढलं. आईला इतकी साधी गोष्ट कळत नाही याची तिला दया आली असावी.

"मागे असते ती," ती म्हणाली आणि परत आत गेली.

एकट्या मुलांना असे सवंगडी असतात, हे तिने चांगल्या पुस्तकांत वाचलं होतं. तिने ते तीन वेळा स्वतःला सांगितलं. मग ब्रश उचलला आणि अल्बमचं पान उलटलं. दिव्याच्या प्रकाशात तो फोटो तिला जरा निराळा वाटला. झालरवाली मुलगी तशीच होती, खुर्ची तशीच. मागचं कापड मात्र खुर्चीच्या पाठीवर सरळ, सपाट पडलं होतं. उंचवटा दिसत नव्हता.

प्रकाशाचा कोन बदलला की उंचवटे जातात. त्या पानाचा पहिल्या दिवशी काढलेला फोटो कॉम्प्युटरवर होता. दोन्ही शेजारीशेजारी ठेवून पाहणं सहज शक्य होतं. तिने पाहिलं नाही. पाहिलं असतं तर नक्की काय ते कळलं असतं, आणि लेक बोलत असताना तिला काहीही नक्की कळून घ्यायचं नव्हतं.

५

दूध घेऊन ती गॅलरीपाशी आली, तेव्हा दार लोटलेलं होतं. आत गोगी काहीतरी सांगत होती, जहाजाबद्दल. ते सांगून झालं, आणि मग दुसऱ्या आवाजाने काहीतरी विचारलं. खालचा, मऊ, बाईचा आवाज. शब्द कळले नाहीत. प्रश्न होता एवढं कळलं, कारण शेवट वर गेला होता आणि गोगीने लगेच उत्तर दिलं : "नाही. आईला नाही सांगितलं."

ग्लास तिच्या हातात होता. दुधावर साय धरेपर्यंत ती तिथे उभी असावी.

शेजारच्यांचा टीव्ही, असं तिने स्वतःला बजावलं आणि दार ढकललं. टेबलावर कापड नव्हतं. ते खाली जमिनीवर होतं, गोगीच्या अंगावर, आणि गोगीच्या मानाने त्याचा आकार फार मोठा होता. पुढे लहान टेकडी, मागे तिला टेकून मोठी. मोठी टेकडी हळूहळू वरखाली होत होती, झोपलेल्या माणसासारखी.

तिने ते कसं ओढलं हे तिलाही सांगता आलं नसतं. कापड रिकामं आलं. खाली गोगी एकटी बसली होती, पाठ ताठ, आणि फारच नाराज.

"हललीस ना," ती म्हणाली. "गेली मागची."

त्याच दुपारी तिने अल्बम कागदात गुंडाळला, गोगीला सासूबाईंकडे सोडलं आणि तो घेऊन संग्रहालयात गेली. काम अर्धंच झालं होतं. मॅडमनी चष्मा वर करून तिच्याकडे पाहिलं. "रंग उडालाय तुझा. आजारी आहेस का?"

"घरी मूल आहे ना. एखाद्या पानाला धक्का लागेल अशी भीती वाटते."

"बरं, राहू दे इथेच." मॅडमनी कडी उघडून पानं चाळली. "सुंदर आहेत गं. आणि किती वाईट."

"वाईट का? प्रवासाला निघण्याआधीची आठवण. बरोबर न्यायला काढून घेत असतील."

"बरोबर?" मॅडम हसल्या. "जाणाऱ्याला कशाला हवा फोटो? मूल बोटीने जायचं, फोटो मागे राहणाऱ्यांना. हा सगळा अल्बम मागे राहिलेल्यांचा आहे."

जिना उतरताना तिला वाटलं, आपण उगाच घाबरलो. त्याच वेळी तिने कठडा इतका घट्ट धरला होता की तळव्यावर त्याची नक्षी उमटली.

६

गोगी बोलायची थांबली.

रुसली असेल, असं पहिल्या संध्याकाळी वाटलं. दुसऱ्या दिवशी बापाने लिफ्टच्या सगळ्या घंटांचे आवाज काढून दाखवले. ती खांदे हलवून हसली, आवाज न करता. सासूबाईंनी दारात अडवलं, "काय म्हणायचं निघताना?" गोगीने बोट दाखवलं, दाराकडे.

बोलायला शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, असं मागेपुढे होतं, धीर धरा. धीर धरण्याइतकी सुट्टी उरली नव्हती. ती रात्रभर छताकडे बघू लागली, आणि आता तिच्याकडे काळज्या दोन होत्या. गोगी टेबलाखाली बसून राही, आणि आपल्या पाठीमागच्या जागेकडे वळून वळून पाही. रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं. ज्याला दार उघडायला कोणी येणार नाही हे कळलंय, अशा माणसासारखी ती बसायची.

ते बघणं तिला सहन होईना. तिने मनाशी वाद घातला. समजा, असेल कोणी. काय वाईट केलं तिने? आयुष्यभर दुसऱ्यांची मुलं धरून बसली, आणि तिचं तोंड कुणी एकदाही दिसू दिलं नाही. तुझ्या मुलीला तिने मारलं? घाबरवलं? बोलायला शिकवलं. जे तुला, डॉक्टरांना, बाईंना जमलं नाही, ते तिने टेबलाखाली बसून केलं. आणि तू काय केलंस? कागदात गुंडाळून पोचवून आलीस. आभारसुद्धा मानले नाहीस.

घाबरण्यापेक्षा लाज वाटून घेणं तिला नेहमीच सोपं जायचं. दुसऱ्या दिवशी ती जाऊन अल्बम परत घेऊन आली.

गॅलरीत कोणी नव्हतं. तिने टेबलावर धुतलेलं कापड अंथरलं, अल्बम मधोमध ठेवला, कडी उघडली. मग दार लावून घेतलं, कारण आता जे करायचं होतं ते नवऱ्याने पाहिलं असतं तर जन्मभर चिडवलं असतं.

"माझं चुकलं," ती अल्बमला म्हणाली. पुढे काय म्हणावं ते सुचेना, आणि अशा वेळी तिच्या तोंडून जे हटकून निघायचं तेच निघालं. "तुमचे उपकार कसे फेडायचे, कळत नाही मला. संकोच करू नका. तुमचीच मुलगी आहे ती."

काही झालं नाही. टेबलाच्या कडेने लोंबणारं कापड किंचित हललं आणि स्थिर झालं, जड माणूस मांडी बदलून बसल्यावर हलावं तेवढंच.

मागून दार ढकलून गोगी आत आली. तिला ओलांडून टेबलाखाली गेली.

"आई," आतून आवाज आला, स्वच्छ, मोठा, "दूध आण ना."

स्वयंपाकघरात जाऊन ती ओट्याला टेकून उभी राहिली आणि तोंडावर पदार्थ झाकायचं फडकं धरून रडली. इतकी कृतज्ञ ती आयुष्यात कधी झाली नव्हती.

७

मुख्याध्यापिकांनी गोगीला विचारलं, तुझं घर कसं आहे. गोगीने इतकं सांगितलं की शेवटी त्यांनीच घड्याळाकडे पाहिलं. टेबल, दिवे, आजीचं खालचं घर, बाबांच्या लिफ्ट. "आणि आमचं एक घर पाण्यावर आहे," ती म्हणाली. "ते हलतं. पण आम्ही हलत नाही."

"कल्पनाशक्ती काय आहे," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "अशा मुलीला नाही कोण म्हणेल? फक्त एक फोटो आणून द्या, मागे पांढरं हवं."

"तुमचीच मुलगी आहे," असं म्हणायला तिने तोंड उघडलं. का कोण जाणे, ते वाक्य या खेपेला बाहेर आलं नाही. आधीच कुणाला तरी देऊन टाकल्यासारखं वाटलं.

सासूबाईंनी शाळेच्या फाटकातच गोगीची अलाबला घेतली. बापाने सुट्टी टाकली. चौघं रस्त्याने चालत घरी आली, मुलगी मध्ये, अखंड बडबडत. असं सुख आपल्याला झेपेल ना, अशी एक धाकटी काळजी तिच्या मनात डोकावली, पण तिला तिने आत घेतलं नाही.

८

फोटो घरीच काढायचं ठरलं. कॅमेरा होता, दिवे होते. उन्हं अजून गॅलरीत होती. बापाने खुर्ची ठेवली, गोगीला बसवलं, आणि पुढची बरीच मिनिटं गोगीचा कान, गोगीची पाठ आणि रिकामी खुर्ची यांचे फोटो काढले.

"हिला धरायला कुणीतरी हवं," तो म्हणाला. "असं कर. तू खुर्चीत बस, अंगावर ते टेबलाचं पांढरं कापड घे, आणि पोरीला मांडीवर ठेव. मागे पांढरं हवं ना त्यांना? मिळेल."

ती थबकली. मग वाटलं, किती वेडेपणा. आई लेकीला धरून बसणार, यात काय आहे? ती बसली. त्याने तिच्या डोक्यावरून कापड सोडलं, गोगीला उचलून मांडीवर ठेवलं.

"झाकून ठेवलेल्या सोफ्यासारखी दिसतेस," तो म्हणाला. गोगी खदखदून हसली. कापडाखाली तीही हसली.

आत दुधट उजेड होता. आपलाच श्वास तोंडावर येत होता. कापड तिने स्वतः धुऊन कडक उन्हात वाळवलं होतं. तरी त्याला ओल्या घडीचा तो वास येत होता. तिने दोन्ही हात घडीतून पुढे सरकवून गोगीची कंबर धरली. छोटी, गरम, श्वासाने वरखाली होणारी.

"हात आत घे," नवरा म्हणाला. "दिसतोय."

तिने दोन्ही हात कापडाच्या आत ओढून घेतले.

"डावा. डावा दिसतोय अजून."

"घेतला."

"नाही घेतलास. अगं, कमरेशी आहे तो."

तिने खाली पाहिलं. तिचे दोन्ही हात तिच्या स्वतःच्या मांडीवर होते, उजेडात अगदी स्पष्ट दिसत होते. आणि तिच्या डाव्या खांद्याला कोणाचा तरी खांदा टेकला होता. ढकलत नव्हता. एका खुर्चीत दोघींना बसायचं असलं की एक जण अंग चोरून जागा करून देते, तसा. त्या बाजूने कापडाला आणखी एक श्वास लागत होता.

ओरडावं असं तिला वाटलं. पण ओठांवर सवयीने आधी आलं ते "थँक्यू." ते तिने पुटपुटलंही, कारण खरोखर दुसरं काही म्हणण्यासारखं तिच्याकडे नव्हतं. तिच्या करंगळीवर कोरडं, गार काहीतरी येऊन अडकलं. आकड्यासारखं वळलेलं. त्याने एकदा हलकेच दाबलं, आणि सोडून दिलं.

"असू दे, हात मग कापून टाकू फोटोतून," नवरा म्हणाला. "हलू नका आता."

क्लिक झालं.

त्याच वेळी त्याचा फोन वाजला. कुठेतरी लिफ्टमध्ये माणसं अडकली होती. घरात आवाज तुटतो म्हणून तो बोलत बोलत बाहेर गेला, मुख्य दार उघडल्याचं तिने ऐकलं, मग जिन्यात लांब जाणारा त्याचा आवाज, "घाबरू नका, बटणं दाबत बसू नका."

तिची मांडी हलकी झाली. खांद्याजवळचा खांदाही नव्हता.

"गोगी?"

तिने कापड ओढलं. ते टेबलाच्या मापाचं होतं, लांबरुंद. एक घडी ओढली की दुसरी तोंडावर येत होती. काठ कुठे आहे तेच हाताला लागेना. बाहेर छोट्या चपला घातल्याचा आवाज झाला. फरशीवर पावलं निघाली, चटचट, आणि त्यांच्या मागे काहीच वाजलं नाही, फक्त कापड घासत गेल्यासारखं काहीतरी.

"गोगी, थांब हं," ती शक्य तितक्या साध्या आवाजात म्हणाली. "आपण जाऊ बाहेर. आपण दोघी. आपण."

पावलं दारात थांबली. आजीने शिकवल्याप्रमाणे, निघताना माणूस थांबतो तशी. आणि गोगी तिच्या त्या स्वच्छ, मोठ्या, नव्या आवाजात म्हणाली,

"हलू नको, आई. आम्ही येतो."